यल्लाप्पाच्या नावापुढचा शेरा

मी, यल्लव्वा जोतीराम धोत्रे, वय ६७, राहणार वडारवाडी, कोल्हापूर, डॉक्टरांच्या दाखल्याप्रमाणे पूर्ण शुद्धीवर असून, दबाव भरपूर असताना तो न मानता हे मृत्युपत्र लिहीत आहे. अक्षर माझेच आहे. लिहायला आश्रमशाळेत शिकले. तिचे एवढे एकच देणे मी मानते.

१. वडारवाडीतील दोन खोल्या माझा मुलगा आदर्श याला, कलम चारच्या अटीवर.

२. छिन्न्या आणि हातोडे नात शिवानीला. जयसिंगपूरच्या बाजारात पाटे-वरवंट्यांना टाकी लावून मी घर चालवले. तिने दगड फोडू नये, पण हत्यारे विकूही नयेत.

३. १९६७ साली मी नऊ वर्षांची आणि भाऊ यल्लाप्पा सहा वर्षांचा असताना आम्हाला गडहिंग्लजकडच्या एका आश्रमशाळेत घातले. तिथे आपली वडारी बोलले की छडी बसे. यल्लाप्पाला दुसरी भाषा येतच नव्हती. ऐन थंडीत, तापाने फणफणलेला असताना तो माझ्याशी वडारीत बोलला, म्हणून अधीक्षकांनी त्याला कोठीघरात कोंडले. तिसऱ्या दिवशी मला सांगितले, पळून गेला. हजेरीपटावर तोच शेरा आहे. आई-वडील विचारायला आले तर म्हणाले, "चोराची जात, पळायचीच." वडील मरेपर्यंत प्रत्येक जत्रेत त्याला शोधत होते.

४. मागच्या वर्षी त्या आश्रमशाळेची चौकशी झाली आणि सरकारी माफीचे पत्र आले: 'गैरसोय झाली असल्यास खेद आहे.' गैरसोय एसटी चुकल्यावर होते. खाली माझ्या सहीला जागा होती: 'माफी स्वीकारली, तक्रार उरली नाही.' अधिकारी तीनदा घरी आले, चौथ्यांदा दवाखान्यात. सलाईनच्या हातात पेन दिले.

"आई, कर की सही," आदर्श म्हणाला. "मला कंपनीत बी साहेबांचा फोन आलता. किती ताणायचं?"

"यल्लाप्पा पळालाय का?"

"मला काय ठावं?"

"मग कशाची सही?"

पेन मी खाली टाकले. अधिकाऱ्यांना म्हटले, "पावणं, कागद माघारी न्या." तेव्हापासून आदर्श माझ्याशी बोलत नाही. पोराचा राग समजतो, पण मी गेल्यावर वारस म्हणून तो सही करील ही धास्ती जात नाही. म्हणून अट अशी की, सरकारने 'पळून गेला' हा शेरा खोडून 'शाळेत मृत्यू' असे लिहून, यल्लाप्पाला कुठे पुरले ते दाखवेपर्यंत माझ्या वतीने कोणीही माफी स्वीकारू नये. आदर्शने सही केल्यास दोन्ही खोल्या शिवानीच्या.

५. शाळेची स्वयंपाकीण तानाबाई सुतार गेल्या मंगळवारी आपणहून आली. कोठीघराची किल्ली तिच्याकडे असे.

"पोरगं पळालं न्हाय, यल्लव्वा. दार उघडलं तर गार पडलं हुतं. शाळेच्या साहेबांनी कुठं नेलं, ठावं न्हाय. नोकरी जाईल म्हणून गप बसले."

मी तिला चालती हो म्हटले. ती उंबऱ्यावर बसून राहिली. दिवस कलल्यावर मीच विचारले, "लिहून देशील?"

"लिहाय येत न्हाय. अंगठा देते."

म्हणून या मृत्युपत्राला ती साक्षीदार आहे. वकीलबाई सांगतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. माझीही तिला काही द्यायची इच्छा नाही. क्षमासुद्धा नाही.

हे मी वाचले, पुन्हा वाचले आणि बरोबर आहे म्हणून सही केली.

कोल्हापूर, १८ नोव्हेंबर २०२५
यल्लव्वा जोतीराम धोत्रे (सही)

साक्षीदार:

१. अ‍ॅड. क्रांती प्रसेनजीत कांबळे (सही)

२. तानाबाई ज्ञानू सुतार, वय ७९ (डाव्या हाताचा अंगठा). अंगठा देताना तिने सांगितलेले वकीलबाईंनी तिच्याच शब्दांत लिहिले: "यल्लव्वा शुद्धीवर हाय. तिचा भाऊ पळाला नव्हता. दोन्ही म्या डोळ्यानं बघितलंय."