सीनेच्या वाळूचा टब

प्रिय अक्का,

तुझे मासे मी मारले.

गेले दोन दिवस हे वाक्य मी दुकानात, जेवताना, अंघोळ करताना मनातल्या मनात म्हणतोय. कुणापाशी बोलू? हे सगळ्यात आधी जिला सांगायला हवं ती तू, आणि तुला जाऊन आज सात दिवस झाले. म्हणून पत्र लिहायला बसलो. माझं अक्षर तुला कधीच आवडलं नाही. आज चालवून घे.

अजून विश्वास बसत नाही गं. मंगळवारी सकाळी दुकानात पेंडीचं पोतं काट्यावर चढवत होतो, तेव्हा फोन वाजला. नंबर तुझा आणि आवाज भलत्याच बाईचा. "अण्णा, म्याडम उठंनात," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "उठंनात म्हणजे?" काय हा प्रश्न! ती रडायला लागली आणि मी काट्याकडे बघत उभा राहिलो. काटा पन्नास किलो दाखवत होता. तो आकडा डोक्यात का बसलाय, देव जाणे.

एकसष्ट हे काय जायचं वय आहे? ना दुखणं, ना खुपणं. आदल्या संध्याकाळी सीनेच्या डोहात गुडघाभर पाण्यात उभी होतीस म्हणे, साडी खोचून. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. तुझ्या त्या पिवळ्या गाडीत, मागच्या फळीवर, आपल्या आईच्या, अव्वाच्या वाकळेत. निदान कुणाला हाक तरी मारायचीस!

त्या गाडीवरून मी तुला किती बोललोय. कॉलेजात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालीस. आम्हाला वाटलं, आता अक्का आपल्याकडे राहायला येणार. पुढच्या खोलीला रंगसुद्धा दिला होता, आठवतं? आणि तू काय केलंस? एका शाळेची जुनी गाडी घेतलीस, बाकडी उपटून काढलीस, त्या जागी फळी टाकलीस, एक शेगडी, दोन टब, चार जाळी. आणि निघालीस की! भीमा, सीना, माण, नीरा. कुठल्या पाण्यात आपले गावठी मासे अजून आहेत आणि कुठून गेले, ते वहीत लिहीत तीन वर्षं काठाकाठानं राहिलीस. कधी नातेपुत्याहून फोन, कधी केमहून. दुकानात लोक विचारायचे, बहीण कुठं असते? मी सांगायचो, पुण्याला असते. लाज वाटायची मला. आज त्याचीच लाज वाटते.

गाडीच्या मागं शाळेच्या वेळचं लिहिलेलं तसंच राहिलं होतं, 'सावकाश, मुले आहेत'. मी म्हणालो, पुसून टाक ते, लोक हसतात. तू म्हणालीस, "खोटं काय आहे त्यात?" आणि टबांकडे बघून स्वतःच हसत सुटलीस.

एकदा मी तुला नको ते विचारलं होतं. आपल्या लिंगायताच्या घरात अंड्याचं टरफल कधी आलं नाही, आणि तू माशांच्या संगतीत. नातेवाईकांत कुजबूज होतीच. मी विचारलं, "अक्का, खरं सांग, खातेस का?" तू रागावली नाहीस. म्हणालीस, "तम्मा, ज्यांची नावं मला ठाऊक आहेत त्यांना मी खाईन होय?" परवा गाडी आवरताना तुझ्या भावजयीच्या, सुवर्णेच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी डब्यात मिळाली. एवढ्यावर राहायचीस तू. हे मी तेव्हा का नाही मानलं?

आता खरं ते लिहितो.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा समोर गिऱ्हाईक होतं. तू घाईघाईनं सांगत होतीस. सीनेचा डोह आटत चाललाय. त्यातल्या मुऱ्या तू टबात काढून घेतल्यास. बाकी सगळीकडे वाळू उपसून नेली, त्यामुळं आता त्या दुसरीकडे दिसत नाहीत. गाडी उन्हानं तापते, तेव्हा नदी पुन्हा वाहीपर्यंत दोन टब आमच्याकडे ठेवायचे होते. मुरी म्हणजे काय हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. बोटाएवढा ठिपक्यांचा मासा, तोंडाला बारीक मिशा. मी म्हणालो, "अक्का, आपल्या घरात मासे? भिंतीवर अव्वाचा फोटो आहे." तू म्हणालीस, "बरं, तू आधी गिऱ्हाईक बघ."

हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. गिऱ्हाईक बघ! मी बघितलं. दोन पोती घेऊन गेला तो.

तुला माती दिली, सगळे पांगले. तिसऱ्या दिवशी दुकानाच्या ड्रायव्हरनं तुझी गाडी आणून परसात लिंबाखाली लावली. आत दोन टब. एकात वीसेक मुऱ्या तळाशी वळवळत होत्या. दुसऱ्यात नुसती वाळू आणि वर वीतभर पाणी. वाळूचा टब सुवर्णेनं मागच्या पडवीत सावलीला उतरवून घेतला. म्हणाली, कुंड्यांना होईल आणि तोवर चिमण्या पाणी पितील. मी माशांचा टब बघत बसलो. तू एवढी एकच गोष्ट मागितली होतीस आणि मी नाही म्हणालो होतो. आता ती मी करणार होतो, आणि थाटात करणार होतो.

मी ते मासे देवळाच्या तळ्यात नेऊन सोडले.

का, ते तुला वेगळं सांगायला नको. सोमवारी अव्वा आपल्याला तिथं चुरमुरे टाकायला न्यायची. तू बारा वर्षांची, मी चार, तुझ्या परकराला धरून. अव्वा म्हणायची, हे देवाचे मासे. तू विचारायचीस, देवाचे ते कळलं, पण यांचं नाव काय? अव्वा वैतागायची, मासे म्हणजे मासे! तुझं सगळं वेड त्या पायऱ्यांवर सुरू झालं ना? मला वाटलं, यापेक्षा चांगली जागा कुठली असणार? खालच्या पायरीवर बसलो, टब हळू वाकवला, हात जोडले. मनात म्हणालो, अक्का, मी घरात जागा दिली नाही, पण बघ, देवाच्या दारात दिली. तेवढ्यात पाण्यातून मोठे काळपट मासे झुंडीनं वर आले. मला वाटलं, स्वागताला आले!

घरी येऊन मी तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

पाचव्या दिवशी शेवंताबाई आल्या. मला फोन केलेल्या त्याच. त्यांच्या घरामागं, नदीच्या काठाला तू गाडी लावायचीस आणि त्यांच्याबरोबर जाळं टाकायचीस. एसटीनं आल्या होत्या, तुझा चष्मा आणि वही घेऊन. चहाला हात लावला नाही. पहिलं त्यांनी विचारलं, "अण्णा, मुऱ्या कुटं ठिवल्यात?"

मी सांगितलं. अक्का, मी अभिमानानं सांगितलं!

त्या अगदी हळू म्हणाल्या, "तळ्यात समदी चिलापी हाय की वो. चिलापी ल्हान मासा ठिवतच न्हाय. म्याडम सांगत न्हवत्या व्हय तुमाला?"

सांगत होतीस. दर दिवाळीला सांगत होतीस. चिलापी बाहेरच्या देशातून आणून सोडलेला मासा, तो आपल्या माशांची अंडी-पिल्लं खातो, देवळाच्या तळ्यात आता त्याच्याशिवाय काही उरलं नाही, हे सगळं तू माझ्या हॉलमध्ये बसून सांगितलंस आणि मी मान डोलवत टीव्ही बघितला. मी शेवंताबाईंना विचारलं, डोहात थोड्या तरी राहिल्या असतील ना? त्या म्हणाल्या, डोह काल आटला, मी सवता चिखल चाचपून आले. ते काळपट मासे स्वागताला आले नव्हते. माझ्या डोळ्यांदेखत ते जेवायला आले होते, आणि मी हात जोडून बसलो होतो!

मग त्यांनी विचारलं, दुसरा टब कुठाय? मी म्हणालो, त्यात नुसती वाळू आहे. त्या ताडकन उठल्या. म्हणाल्या, पहिल्या मुऱ्या म्याडमनी त्यातच सोडल्या होत्या, मुरी दिवसा वाळूत घुसून बसते, वरून दिसत नाही.

सुवर्णा दारात उभी होती. त्याच सकाळी तिनं त्यातली दोन तांबे वाळू मोगऱ्याच्या कुंडीत घातली होती. ती पळत गेली, कुंडी आडवी केली आणि बोटांनी माती उकरायला लागली. एक सापडली. वाळक्या गवारीसारखी झालेली. आपली सुवर्णा, जी रस्त्यावरच्या अंड्याच्या गाडीवरून जाताना नाकाला पदर लावते, ती तळहातावर ती मुरी घेऊन कितीतरी वेळ उभी होती. मग तिनं ती मोगऱ्याच्या मुळाशीच पुरली आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

शेवंताबाईंनी माझ्याकडून पेंडीचं रिकामं पोतं मागून घेतलं, ओलं केलं, टबावर घातलं आणि आम्हाला गप्प बसायला सांगितलं. पडवीत आम्ही तिघं. पंखासुद्धा बंद केला. बाहेर उन्हाचा नुसता जाळ. मला वाटत होतं, आता पोतं उचलायचं आणि मेलेलं काहीतरी बघायचं. दुसरं काय असणार? पाच दिवस त्यांना कुणी चिमूटभर खायला घातलं नव्हतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. त्यांनी पोत्याचा कोपरा वर केला. "अण्णा, हिकडं या. हळू."

वाळूतून एक तोंड वर आलं होतं. बारीक मिशा, दोन टाचणीएवढे डोळे. मग शेजारी दुसरं. एक सर्रकन पाण्याच्या वर आली, हवेचा घोट घेतला आणि पुन्हा वाळूत गडप झाली. शेवंताबाई बोटांवर मोजत होत्या. नऊ. म्हणाल्या, वरची हवा गिळते म्हणून टिकली, दुसरी कुठली जात टिकली नसती. त्रेपन्न वर्षांचा मी, पडवीच्या खांबाला डोकं टेकून रडलो. तुझ्या मातीला नव्हतो रडलो, अक्का. तेव्हा नुसता बधिर होतो.

नऊ आहेत म्हणून मी सुटलो, असं समजू नकोस. त्या वीस गेल्याच. मी विचारलं असतं, निदान तुझी वही उघडायची वाट बघितली असती, तर त्या आज असत्या. पुण्य करायची मला भारी घाई!

वही मी काल वाचली. सोमवारचं पान शेवटचं. डोहात पाणी किती, ऊन किती, मुऱ्या किती, सगळं तुझ्या त्या रेखीव अक्षरात. आणि खाली एक ओळ, जिचा माशांशी काही संबंध नाही. 'तम्मा घरात ठेवू देत नाही म्हणतो. दोन दिवसांनी पुन्हा विचारते. ऐकेल.'

ऐकेल! इतक्या खात्रीनं कसं लिहिलंस गं? मी तुझं कधी काय ऐकलं होतं?

शेवंताबाई बजावून गेल्यात की नळाचं पाणी घालायचं नाही, त्यात औषध असतं. तसाही नळ चार दिवसांआड येतो. मी रोज सकाळी मागच्या आळीतल्या विहिरीवरून कळशी आणतो. पेंडीची बारीक पूड घालतो, तू माझ्याकडून न्यायचीस तीच. काल गल्लीत एकानं विचारलं, सावकार, कळशी कशाला? मी सांगितलं, मासे पाळलेत. बहिणीचे आहेत. ती नदीकाठी गाडीत राहून माशांचा अभ्यास करायची. पहिल्यांदा सांगितलं मी कुणाला.

पडवी दुपारी तापते, म्हणून टब परवाच आत घेतला. घरात सगळ्यात गार भिंत कुठली, तुला ठाऊक आहे. अव्वाचा फोटो आहे ती. आता टब बरोबर त्याच्या खाली आहे. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला सुवर्णा जरा थांबते, अंधार पडू देते, आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून वाट बघतो. काल आठ दिसल्या. नववी दिसेना म्हणून सुवर्णेनं दिवाच लावला नाही. शेवटी आली.

सीना वाहायला लागली की शेवंताबाई फोन करणार आहेत. त्या दाखवतील त्या डोहात, त्या सांगतील त्या वेळेला मी या नऊ जणींना सोडेन, आणि या खेपेला हात जोडायच्या आधी पाण्यात कोण आहे ते विचारेन. तुझी गाडी विकणार नाही. ती मीच चालवत नेईन, टब मागं ठेवून, तीसच्या वर काटा जाऊ देणार नाही. मागून कुणी कितीही हॉर्न वाजवू दे. त्यांना वाचता येतंच की, सावकाश, मुले आहेत.

तुझा न ऐकणारा,
तम्मा