पुसलेले एकोणीस आवाज

दहिवली, रविवार

प्रिय ऋजू,

बाबा पत्र का लिहितायत, असं तुला वाटेल. कॉम्प्युटर गुरुवारपासून बंद आहे, वायर काढून ठेवली आहे. फोन तीनदा हातात घेतला आणि ठेवला.

गुरुवारी सकाळी तुझ्या आईच्या फोटोंच्या जुन्या प्रती काढून टाकायला बसलो. डिस्क भरत आली होती. तू दिवाळीत करून दिलेली, फोल्डर पुसणारी स्क्रिप्ट वापरायची होती. तुझ्या अक्षरातली वही समोर होती. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर पूर्ण पाथ अवतरणचिन्हांत टाका, हे तू लाल शाईने लिहिलं आहेस. मी ते वाचलंही होतं.

तुला माहीत आहे, भिवपुरीच्या वीजकेंद्रात मी एकतीस वर्षं एकट्याने स्विच ओढला नाही. एकाने हुकूम वाचायचा, दुसऱ्याने मोठ्याने परत म्हणायचा, मगच हात पुढे. घरीही तसंच चालायचं. मी टाइप करायचो, उमा मागे उभी राहून वाचायची. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला, तेव्हा ती बोटाने खांद्यावर टिचकी मारायची. एक टिचकी म्हणजे बरोबर, दोन म्हणजे थांबा. गुरुवारी मागे कोणी नव्हतं.

फोल्डरचं नाव होतं 'उमा जुने'. मी अवतरणचिन्हं टाकली नाहीत. एंटर दाबल्यावर काळ्या खिडकीत ओळ आली, 'जुने' सापडलं नाही. मला वाटलं काहीच झालं नाही, चहा ठेवायला उठलो. परत येऊन पाहिलं तर 'उमा जुने' जागेवर होतं आणि शेजारचं 'उमा' गेलं होतं. स्क्रिप्टने एका नावाची दोन नावं केली, आणि पहिलं जे सापडलं ते पुसलं. रीसायकल बिनमध्येही काही नव्हतं.

खालापूरला सुनीलच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, "काका, मशीन अजिबात चालू करू नका. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं तर मग देवसुद्धा काढू शकणार नाही." पुण्यात त्याच्या ओळखीचे एक जण पुसलेलं परत काढतात. निम्मी आशा आहे, असं ते फोनवर म्हणाले. गौराबाई भांडी घासता घासता दोन दिवस माझ्याकडे बघत होती. आज बोलली, "काका, ताईला सांगा नं. लपवून काय व्हनार हाय?"

तर सांगतो. 'उमा'मध्ये फोटो नव्हते. ऑपरेशनच्या आधी मी सकाळी दूध आणायला गेलो की तुझी आई तुझ्यासाठी फोनवर बोलून ठेवायची. अशी एकोणीस रेकॉर्डिंग होती. नंतर तिचा फोन बिघडला, म्हणून ही एकच प्रत. तेराव्याच्या दिवशी ऋजूला द्या, असं तिने पाटीवर लिहून मला सांगितलं होतं. मी दिली नाहीत. सात महिने रोज कुकर लावला की एक ऐकायचो. दिली असती तर ती तुझी झाली असती, आणि तुझ्यासमोर मला ऐकता आली नसती. दिली असती तर तुझ्याकडे आज असतीही.

शनिवारी सुनीलबरोबर डिस्क घेऊन पुण्याला येतो. हे फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच "असू दे बाबा" म्हणाली असतीस. ते मला आत्ता ऐकायचं नाही. तू आधी रागाव, मग दार उघड. चौथ्या रेकॉर्डिंगमध्ये ती तुझ्यावर नोकरी सोडली म्हणून रागावली आहे आणि रागावता रागावता हसली आहे. बाकीचीही मला बरीच पाठ आहेत. काही निघालं नाही तर एकेक करून सगळी सांगेन. शब्द तिचे असतील. आवाज मात्र माझा असेल, तेवढं चालवून घे.

तुझाच चुकलेला,
बाबा