डाव्या बाजूचे दात

आप्पा,

आज चौसाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या दारात बसून मी झाडं कापायच्या मशीनच्या चेनला धार लावली. सगळ्यांसमोर आणि डाव्या हातानं. तुम्ही असता तर कानस हिसकावून घेतली असती. वखारीत तुमचा कायदा होता: गिऱ्हाइकापुढं कानस काढायची नाही, लोक म्हणतात बोथट मशीन घेऊन आले, आणि डावा हात कानशीला लागता कामा नये, धार जाते. आज दोन्ही मोडलं. मला त्याचं काही वाटत नाही.

झाड जुन्या निंबाचं होतं. एका अंगाला गोठा, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याचं पत्र्याचं घर, मधे पडायला अंगणाची अरुंद पट्टी. माणसं-जनावरं बाहेर काढली होती. घर कुठं काढणार? ज्या अंगाला पाडायचं त्या अंगाची खाच मी घेत होते, तेवढ्यात चेन खोडातल्या जुन्या खिळ्यावर गेली. ठिणगी उडाली. त्यानंतर काप घराकडं ओढायला लागला. मी मशीन बंद केली, ओट्यावर बसले आणि पिशवीतून गोल कानस काढली.

"काहून थांबल्या, ताई?" मालकानं विचारलं.

"एका बाजूचे दात गेले."

"मग आता हितं घासत बसणार व्हय? घरून करून आनायचं की."

मागून कुणीतरी म्हणालं, "डाव्या हातानं करायलीय बघ बे. झाड बी उलटंच पडतंय आता."

हसले सगळे. मी मान वर केली नाही. चेनचे दात एकाआड एक, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. कानस आतून बाहेर ढकलायची, परत येताना उचलायची, प्रत्येक दाताला सारखाच जोर. एका बाजूला कमी पडलं की काप तिरका जातो. हे तुम्हीच सांगायचात. आणि तुमचीच एक बाजू नेहमी कमी पडायची. उजव्या हाताला एक रांग सोपी होती, दुसऱ्या रांगेला तोच हात अवघडायचा. मी ते रोज बघत होते.

मी सासरहून परत आले आणि भाऊ पुण्याला गेला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मशीन तू धर. धार माझी." मी धरली. धारूरच्या घाटात, माजलगावच्या उसाच्या बांधावर, जिथं नेलंत तिथं. तुमच्या धारेनं काप एका अंगाला जायचा आणि मी मनगटं पिळून तो सरळ ठेवायची. जमलं नाही की तुम्ही गिऱ्हाइकाकडं बघून हसायचात. "बाईचा हात हाय. वाकडं जायचंच." किती अंगणांत बोललात हे! गिऱ्हाईकही हसायचं. आप्पा, तो वाकडेपणा माझ्या हाताचा नव्हता. तुमच्या कानशीचा होता. मी एकदा वखारीत म्हणाले, डाव्या रांगेचे दात मी करून बघते. तुम्ही कानस उचलून कपाटात ठेवलीत आणि कुलूप लावलंत.

तुम्ही गेल्यापासून कपाट माझं आहे. त्याला कुलूप नाही.

एक रांग डाव्या हातानं झाली. मग मशीन फिरवून घेतली आणि दुसरी रांग उजव्या हातानं केली. आणि तेव्हा स्वयंपाकघर आठवलं. आई भाकरी थापतेय. मी पाटावर बसलेय आणि माझा डावा हात तुम्ही ओढणीनं कमरेला बांधलाय. उजव्या हातातून घास सांडतोय. आई म्हणते, "लेकराला जेवू द्या हो." तुम्ही म्हणता, "सासरी काय तोंड दाखवायचं? सुटा हात दिसला की पुन्हा बांधीन." मी रडत नाही. भाकरी मोडते, सांडते, परत उचलते. मनगटावरचा तो वळ अजून आहे असं कधीकधी वाटतं. बघितलं तर नसतो.

चेन ताणून घेतली. खाच पुन्हा नीट करून घेतली. मागून काप धरला, आणि तो दोरीत ओढल्यासारखा सरळ गेला. निंब कललं, थोडं थांबलं आणि अंगणात पडलं. घराला फांदी घासली नाही. धूळ बसल्यावर मालक बुंध्यापाशी आला, कापावरून तळवा फिरवला.

"लई सरळ गेलं की ओ, ताई. कुनाकडं शिकलाव?"

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते आहे. तुम्ही समोर असता तर त्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही ऐकवलं असतं. मी म्हणाले, "कुणाकडंच नाही. माझं मीच."

डाव्या हातापुरतं ते खरं आहे.