तहानलेली रांग

प्रिय कासिल्दा,

कालपासून ऑलिव्हचा तेलघाणा सुरू झाला. गावभर ताज्या तेलाचा वास आहे आणि जन्मात पहिल्यांदा मला तो नकोसा वाटतोय. माझे गुडघे कुरकुरत का होईना चालतात, तुझी काकू माझ्यावर करवादत असते. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो.

हिगिनियोने माझ्याशी डॉमिनो खेळणं सोडलं. आमची शेतं बांधाला बांध लागून, चाळीस वर्षं आमचं टेबलही एक. परवा मी खुर्ची ओढली, तर तो उठून म्हणाला, "बस, एउफ्रासियो, ऐसपैस बस. तुझ्या पुतणीने आमचं पाणी आवळलंच आहे, आता टेबलही तुमचंच." सगळे हसले. मी कॉफी तशीच टाकून घरी आलो.

चार उन्हाळ्यांपूर्वी तू माझ्या स्वयंपाकघरात पावावर तेल ओतत बसली होतीस. म्हणालीस, काका, आमच्या संशोधन केंद्राच्या प्रयोगासाठी आठ झाडांची एक रांग द्या, तिला निम्मंच पाणी सोडू, शेजारच्या रांगेला पूर्ण. बघू ऑलिव्ह किती कमी पाण्यात भागवतो. मी तुझ्या आजोबांनी लावलेली रांग दिली. आकडे बाहेर जाण्याआधी मला दाखवीन, असा शब्द तू दिला होतास. आणि गेल्या हिवाळ्यात परस्पर पाटबंधारे कार्यालयात देऊन आलीस, की निम्म्या पाण्यातही पीक जवळजवळ तेवढंच येतं. मला कळलं ते दारूच्या गुत्त्यात, लोकांच्या तोंडून. माझीच झाडं वापरून केसाने गळा कापलास ग.

या उन्हाळ्यात अख्ख्या गावाला निम्मंच पाणी आलं. हिगिनियोची फळं ऑगस्टमध्येच सुरकुतली. कोवळ्या फांद्या बोटभर वाढून थांबल्या. पुढच्या वर्षीचं फळ त्याच फांद्यांवर धरायचं असतं, म्हणजे तेही वर्ष हातचं गेलं. हे मी तुला काय शिकवू? पण तू आलीस कुठे बघायला?

आता माझं ऐक. खूप दिवस हे सांगायचं राहिलंय.

जुलैत फळाची कोय कडक होते, तेव्हा झाड तहान सोसतं, असं तू सांगितलं होतंस. जुलै मीही सोसला. ऑगस्ट लागला, पानं वळली, त्यांची रुपेरी पाठ दिसायला लागली आणि मला राहवेना. दुपारी सगळं गाव दारं-खिडक्या लावून झोपतं, तेव्हा मी फवारणीची टाकी घरच्या विहिरीवर भरून त्या रांगेला पाणी घालायचो. दर तिसऱ्या दिवशी, प्रयोगाचे तिन्ही उन्हाळे. तू यायच्या आधी ओल्या मातीवर कोरडी माती ओढून ठेवायचो. एवढं केलं मी. तू बुंध्याला मोजायची फीत लावून म्हणायचीस, "काका, ही झाडं तुमच्यासारखीच चिवट आहेत," आणि मी म्हातारा मूर्ख सुखावायचो. झाडांची कीव आली हे खरं, पण तू खूश होऊन जावंस असंही वाटायचं.

म्हणजे तुझे आकडे खोटे आहेत. ते तू खोटे केले नाहीस, मी केले. तू मला न विचारता ते दिलेस हा राग अजून गेलेला नाही, जाईलसं वाटतही नाही. पण मला आधी दाखवले असतेस, तर मी त्याच स्वयंपाकघरात कबुली दिली असती. निदान तसं समजायला मला आवडतं.

रविवारी अकराला पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांची सभा आहे. मी उभा राहून हे सगळं सांगणार आहे. पुढच्या उन्हाळ्याचं पाणी तिथेच ठरायचंय. तुझी नोकरी त्यात जाईल कदाचित, माझं नाव तर जाईलच. माफी मागायला किंवा तुझी परवानगी घ्यायला हे लिहीत नाही. दुसऱ्याच्या तोंडून तुला कळू नये, एवढ्यासाठी लिहिलं.

तुझाच,
एउफ्रासियोकाका