दाराजवळचा बाक

हॅनाज बे, जमैका
२२ जुलै १९९८

लाडक्या व्हेरोना,

तुला इलेनचा प्रभूच्या नावात सलाम. तुझा खांदा आता कसा आहे? इकडे सगळं ठीक. नीरफणस यंदा इतका लागलाय की शेजारीपाजारी आता घ्यायलाही तयार नाहीत.

टोरांटोला जाताना बसच्या पायरीवरून तू म्हणाली होतीस, “इलेन, मी परत आले तर पाहुणी म्हणून येईन. पाहुण्यांना शेवटच्या बाकावर बसवत नाहीत.” आज सकाळी चुलीजवळ ते वाक्य आठवलं आणि मी एकटीच हसत सुटले. का ते सांगते, पण माझ्या चालीनं सांगू दे.

चर्चच्या दाराजवळचा तो बाक अजून आहे. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला तिथे बसवायचं, गायनातून काढायचं, मंडळीनं हात देऊन पुन्हा आपल्यात घेईपर्यंत तिच्याशेजारी कुणी बसायचं नाही. ही रीत आता कुणी पाळत नाही, पण मोडलीही कुणी नाही. बाक रिकामा राहतो, एवढंच. तरुण पोरांना कारणही माहीत नाही. आईबाप बसत नाहीत म्हणून तीही बसत नाहीत.

या महिन्यात तुमच्या टोरांटोहून तरुणांची एक तुकडी आपल्या पोरांची सेवा करायला आली. वेगवेगळ्या चर्चची मुलं, सगळ्यांचे नारिंगी शर्ट. दोन दिवसांत त्यातले गोरे असे लाल झाले की गावात त्यांचं नाव पडलं ‘उकडलेली शेवंडं’. सकाळी बायबलचे धडे, दुपारी गिटार, संध्याकाळी फुटबॉल. त्यांचे म्होरके ब्रदर ग्रँट पोरांना संघभावना शिकवायला मैदानात उतरले आणि आपल्या पोरांनी अनवाणी पायांनी त्यांना आठ गोल घातले. “ब्रदर, आता क्षमेचा धडा घ्या,” असं कुणीतरी ओरडलं. ते स्वतः सगळ्यांत मोठ्यानं हसले. चांगली माणसं आहेत गं.

त्यांच्यात एक उंच मुलगी होती. बसमधून उतरताना तिनं एक हात कमरेवर ठेवून समुद्राकडे पाहिलं आणि माझ्या हातातला लिंबाच्या सरबताचा जग कलंडला. असं उभं राहणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली आहे.

व्हेरोना, रागावू नकोस. नॅडीननं तुला किंग्स्टन सांगितलं होतं, ठाऊक आहे. तुझी लेक किंग्स्टनला नाही, माझ्याकडे आहे. माझ्याच घरी, मागच्या खोलीत झोपते. “खरं सांगितलं असतं तर आईनं बॅगच लपवली असती,” म्हणते. लपवली असतीस ना?

पहिल्या रविवारी ही तुकडी उशिरा आली. पंखा हलत नव्हता, लोक घामानं भिजले होते, आणि तुझी लेक सरळ जाऊन त्या बाकावर बसली. गावातली दोन पोरंही तिनं ओढून शेजारी बसवली. गायन थांबलं नाही, पण सगळ्यांचे सूर घसरले. मिस मायर्टल काठी टेकत गेल्या. अजून त्याच दारावर उभ्या राहून लोकांना जागा दाखवतात, आणि टोपीही तीच.

“पोरी, ऊठ इथून.”

“का हो? इथे किती छान वारा येतोय.”

“तो बाक वारा खायला नाही.”

“मग कशाला आहे?”

मिस मायर्टलनी टोपी सारखी केली. आता लग्नाआधीचे दिवस वगैरे पोरांसमोर सांगायचं कसं? शेवटी “थंडी वाजेल” असं काहीतरी पुटपुटल्या. जुलैत!

पुढच्या रविवारी गावातली झाडून सगळी तरुण पोरं दाराजवळ. बाकावर मावेनात म्हणून पायऱ्यांवर, खिडकीत. पुढचे बाक ओस. पाळकांनी रिकाम्या लाकडाकडे पाहत दोन वाक्यं म्हटली, मग बायबल काखेत मारून चालत मागे आले आणि तिथूनच प्रवचन केलं. आणि मिस मायर्टल? बराच वेळ उभ्या राहिल्या, मग नॅडीनला कोपरानं ढोसून म्हणाल्या, “सरक गं जरा. गुडघे गेले माझे. मलाही लागू दे वारा.”

बसल्या की. माझ्या डोळ्यांदेखत बसल्या.

सभा संपल्यावर त्यांनी तिची हनुवटी धरली. “तू व्हेरोनाची. हा हट्टी जबडा दुसऱ्या कुणाच्या घरात नाही.” नॅडीननं बाकाचं विचारलं आणि त्यांनी सगळं सांगितलं, काही न झाकता. “तुझ्या आईला हा बाक मीच बोटानं दाखवला होता. ती बसली नाही, गाव सोडून गेली. पोटात तू होतीस.” तुझी लेक रडली नाही. मिस मायर्टलचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवून दिल्या आणि घरी येऊन दोन ताटं भात खाल्ला.

खरं सांगते, रोज मी तिची वेणी मुद्दाम हळू घालते. पोटी मूल नसलेल्या बाईची ही चोरी तू मला माफ कर.

आता इतका वेळ टाळलेलं लिहिते. उद्या तुकडी परत जाईल, नॅडीन जाणार नाही. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तिला इथल्या समुद्रात बाप्तिस्मा घ्यायचा आहे. पाळक तयार आहेत. पण पाण्यातून वर आलेल्या मुलीला पांढऱ्या चादरीत आईनं घ्यायचं असतं, हे कुणीतरी तिच्या कानात घातलं. मी म्हटलं, चादर मी धरते. मिस मायर्टलही म्हणाल्या, मी धरते. ती ऐकेना. “मावशी, तू धरलीस तर मला आवडेल, पण ती जागा तुझी नाही. आई आली नाही तर मी ओलीच उभी राहीन.” हट्टी जबडा!

ती ओली उभी राहील, सगळं गाव बघेल, आणि मला चादर घेऊन वाळूवर नुसतं थांबावं लागेल. ते मला जमायचं नाही, व्हेरोना.

चादर धरायला ये. ब्रदर ग्रँटबरोबर पत्र पाठवतेय, फोन केला नाही. फोनवर तुझं ‘नाही’ लगेच आलं असतं. पत्रातलं यायला वेळ लागतो, आणि तेवढे दिवस मला तू येणार असं धरून चालायचं आहे.

तुझ्या नकाराची सावकाश वाट पाहणारी,
तुझी थोरली,
इलेन