बाबांनी दिलेला शब्द

९ मार्च

ति. ताईस,
प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

स्वेटर पोचला. बाह्या अजून आठवीतल्या मुलाच्या मापाच्या आहेत. दिवसभर लोकांचं रक्त तपासणाऱ्या तुला भावाचा हात मोजता येत नाही? असो, मुद्द्यावर येतो.

पाळकपदाच्या दीक्षेला तीन आठवडे उरलेत आणि मला ती घ्यायची नाही. शिकाऊ पाळक म्हणून मला ज्या चर्चमध्ये पाठवलंय, तिथे लाकूड कारखान्यातले सात कामगार दर रविवारी येतात. सातही जण कर्णबधिर. मागच्या महिन्यात त्यांच्यातल्या म्हाताऱ्या पॉलिशवाल्याने उपासनेनंतर माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. "मी चार वर्षं येतोय. तुम्ही तिथे उभे राहून काय सांगता?"

तेव्हापासून घास नीट उतरत नाही. रोज संध्याकाळी कारखान्यात जाऊन त्यांची हातांची भाषा शिकतोय. दीक्षा झाली की मोठ्या चर्चमध्ये नेमणूक ठरलेली आहे. मला मात्र कर्णबधिरांच्या शिक्षकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून यांच्यातच राहायचंय. आमच्या धर्मशिक्षण कॉलेजच्या प्राचार्यांनी ३० तारखेपर्यंत निर्णय लेखी मागितलाय.

पण बाबांना कोण सांगणार? तीन वर्षांचा असताना तापातून वाचलो तर मला सेवेला देईन, असा शब्द त्यांनी देवाला दिला, हे मी जन्मभर ऐकतोय. तू सांगशील का?

लोभ आहे, तो या पत्रानंतरही राहू दे.

तुझा,
चिमण्या

१४ मार्च

चि. चिमण्यास,
अ. आ.

नाही सांगणार.

तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. सतरा वर्षांची असताना मी बाबांना म्हटलं होतं की मला सेवेला जायचंय. ते वायरमनची शिडी खांद्यावर घेऊन कामाला निघाले होते. थांबलेसुद्धा नाहीत. म्हणाले, घरातून एक दिलाय, तो पुरे. मी पुन्हा विषय काढला नाही. आणि आता तू ते नको म्हणतोस.

चिठ्ठी वाचून कळवळा आला, की मोठ्या चर्चची धास्ती वाटली? नीट तपास. शंका असली की आम्ही एका नमुन्यावर निदान करत नाही, दुसरा घेतो. तूही घे. मग बाबांना स्वतः लिही.

रागावले आहे, पण जेवत जा. माया कमी झालेली नाही.

तुझी,
ताई

२१ मार्च

ति. ताईस,
प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

दुसरा नमुना घेतला. रविवारी मोठ्या चर्चमध्ये उपदेश केला. भीती वाटली नाही. लोकांनी हात धरून कौतुक केलं, आणि मला बाहेर पडायची घाई झाली होती.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत हरवलेल्या मेंढराची गोष्ट कारखान्यात हातांच्या भाषेत सांगितली. मेंढराच्या जागी बहुतेक करवत म्हणालो. सातही जण पोट धरून हसले. मग पॉलिशवाल्याने माझी बोटं नीट केली आणि तीच गोष्ट बाकीच्यांना पुन्हा सांगितली. एक जण रडत होता. ताई, मला दुसरीकडे कुठेही जायचं नव्हतं.

बाबांना आजच लिहिलंय. तुझी जागा मी अडवून बसलो होतो, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. जमलं तर माफ कर.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
चिमण्या

२६ मार्च

चि. बाळास,
अ. आ.

तुझं पत्र फाडणार होतो. तेवढ्यात ताई आली. तिने ते वाचलं आणि मला विचारलं, "बाबा, शब्द तुम्ही दिलात. देवाने याला मागितलं होतं का?"

मी म्हटलं, मग तुला तरी कुठे मागितलं होतं? ती शांतपणे म्हणाली, "मला बोलावलं होतं. तुम्ही थांबला नाहीत."

दोन दिवस मी तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. काल मी तिला म्हटलं, आता जा, मी अडवत नाही. ती म्हणाली, तेव्हा गेले असते. आता बारा वर्षं प्रयोगशाळेत काढली, तिथे माझी गरज आहे, आणि तिथेही देव भेटतो. पण तुम्ही तेव्हा विचारायला हवं होतं. एवढं बोलून ती ताटं उचलायला लागली. मी तिची माफी मागितली. तिने मान हलवली. ती हो होती की नाही, मला कळलं नाही.

तू वाचलास म्हणून मी देवाला काहीतरी द्यायला निघालो, आणि दिलं ते दुसऱ्याचं. हे पत्र मिळताच प्राचार्यांना कळव. याला माझी परवानगी समजू नकोस. ती द्यायचा हक्क मला कधी नव्हताच.

तुझ्या खुशालीची वाट पाहणारा,
बाबा