अध्यक्षीणबाईंचा कोट

अम्मी, आज दुपारी टीव्हीवर अमेरिकेच्या अध्यक्षांची बायको विमानाच्या जिन्यावरून उतरत होती. तुझी नात सोफ्यावर लोळत म्हणाली, "सो फेक!" मला असा संताप आला की रिमोटच हिसकावून घेतला. तिला काय ठाऊक, सौदीतल्या याच खोबरच्या फ्लॅटमध्ये तिची आजी शिवणाच्या मशीनवरचा पाय थांबवून अशाच एका आधीच्या अध्यक्षांच्या बाईंना डोळे भरून बघायची. आम्ही बातमी ऐकायचो, तू शिवण बघायचीस. खांदा कसा बसलाय, अस्तर कुठे ओढलंय. त्या नवरा-बायकोचं घरी पटत नाही म्हणे, असं अब्बा बोलले की तू तोंड वाकडं करायचीस. "नसेल पटत मेलीचं. पण ते चव्हाट्यावर मांडलंय का तिने? जिना बघा किती उंच, आणि मान एकदा तरी खाली घातली का?"

अब्बा आपल्या कोकणी मंडळाचे अध्यक्ष, म्हणून बायका तुला अध्यक्षीणबाई म्हणायच्या, थोडं चिडवून, थोडं मनापासून. मी बारावीत होते त्या वर्षी तुझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. महिनाभर तू मशीनला हात लावला नाहीस, आणि मग ईदच्या मेळाव्यासाठी टीव्हीतल्या बाईंसारखा हिरवा कोट शिवायला बसलीस. मला लाज वाटली तुझी, खरं सांगते. रस्त्यावर अबायाखाली काहीही खपतं, पण हॉलमध्ये बायकांच्या बाजूला अबाया उतरतो. तुझा उतरला आणि मला दिसलं, कोटाची डावी बाजू छातीशी किंचित खाली आलीय. मी सगळ्यांसमोर हसले. म्हटलं, अख्ख्या खोबरचे कपडे शिवते आणि स्वतःचाच कोट तिरका! बायकाही हसल्या. तू कोटावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "चुकलं गो माझं. मापच चुकलं." मग बिर्याणीच्या पातेल्याकडे गेलीस आणि प्रत्येकीला आग्रह करकरून वाढत राहिलीस.

तू आणि माप चुकशील? पण मला तेव्हा शंकासुद्धा आली नाही. दोन वर्षांनी आजार उलटला तेव्हा अब्बांनी सांगितलं की ते ऑपरेशन पित्ताचं नव्हतंच, छातीतल्या गाठीचं होतं. माझी परीक्षा होती म्हणून तुम्ही दोघं गप्प बसलात. तरीही कोट माझ्या डोक्यात आला नाही. तू गेल्यावर कपडे वाटायला काढले, तेव्हा तो सहज उलटा केला. डाव्या बाजूला अस्तराला टाचलेली कापसाची पिशवी, आणि वजनाला आत मूठभर मूग. ते मूग खाली सरकले होते. कपड्यांच्या ढिगात बसून मी हमसून हमसून रडले. केवढी गो तू! अंगावरची जखम ओली होती, आणि पोटच्या पोरीचं हसणं ऐकून घेऊन वर शिवणातली चूक पदरात घेतलीस. ज्या हातांचं नाव होतं त्या हातांना बोल लावून घेतलास.

कोट मी कुणाला दिला नाही, कपाटात आहे. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? तुझ्या मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली ठेवते. एकच सांगायचं राहिलं. मलाही गाठ निघालीय, डाव्याच बाजूला, आणि रविवारी ॲडमिट व्हायचंय. तुझी नात यंदा बारावीत आहे. तिला मी पित्ताचे खडे सांगितलेत. दुसरं काही सुचलंच नाही.